माळ्यावरची खुर्ची



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या असतील. खुर्च्यांवर व्याख्यान, आणि तेही बारामतीत! म्हणून आधीच खुलासा करतो. मी ज्या खुर्च्यांबद्दल बोलणार आहे त्यांच्यासाठी निवडणूक लागत नाही. त्या लाकडाच्या आहेत, वेताच्या आहेत, पट्ट्यांच्या आहेत. बसणाऱ्याने मागे टेकावं, पाय सैल सोडावेत, एवढीच त्यांची अपेक्षा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत ऑस्ट्रेलियात अशा बैठकीच्या खुर्च्या घडल्या. आज त्या दुर्मीळ आहेत, संग्रहालयांत गेल्या आहेत, लिलावात त्यांच्यावर बोली लागते. नेमक्या त्याच वर्षांत आपल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतही लोकांची बसण्याची रीत बदलत होती, आणि त्या बदलत्या रितीसाठी इथेही खुर्च्या घडत होत्या. तिकडच्यांचं काय झालं ते पुस्तकांत छापलेलं आहे. आपल्यांचं काय झालं, हे मला आज तुम्हाला विचारायचं आहे.

कुठे ऑस्ट्रेलिया आणि कुठे आपण, असं कोणी म्हणू नका. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या पंथाच्या मिशनऱ्यांनी बारामतीत ठाणं मांडलं होतं. पुढे श्रीगोंदा, दौंड अशी त्यांची कामं वाढली. माणसांचं सोडा, झाडांची ये-जा पाहा. आपल्या रस्त्याकडेची निलगिरी तिकडची. सिल्व्हर ओकही तिकडचाच. सिल्व्हर ओक म्हटलं की बारामतीकरांना झाडाच्या आधी बंगला आठवतो, त्याला माझा इलाज नाही. पण ते मूळचं ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं झाड आहे, आणि तिथे त्याच्या लाकडाचं उत्तम फर्निचर होत असे. उलट दिशेने आपली बाभूळ तिकडे गेली आणि क्वीन्सलँडच्या गायरानांत इतकी माजली की आज तिथलं सरकार तिला उपद्रवी तण म्हणून उपटत बसलं आहे. याच बाभळीच्या गोतातलं एक झाड तस्मानियात होतं, त्याला ब्लॅकवूड म्हणतात. तिथल्या कारागिरांनी ब्लॅकवूडच्या खुर्च्या केल्या. आपण बाभळीचा नांगर केला, गाडीची चाकं केली, आणि उरली ती चुलीत घातली.

आता मुद्द्याकडे येतो. पहिला मुद्दा टंचाईचा.

सुंदर फर्निचर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे श्रीमंती येते. नक्षीचे पाय, मखमल, सोनेरी खिळे. मी सांगतो आहे त्या खुर्च्या टंचाईच्या पोटी जन्मल्या. १९४५ साली युद्ध संपलं. सैनिक परत आले, लग्नं झाली, घरं हवी झाली. आणि घरं बांधायला विटा नाहीत, पत्रा नाही, लाकूड नाही. बांधली गेली ती घरं लहान. आजीच्या काळातला तीन माणसांनी उचलायचा सोफा त्या खोल्यांत मावेना. परदेशातून माल येत नव्हता. अशा वेळी काही तरुण मंडळींनी हाताशी जे होतं त्यातून खुर्ची करायची ठरवली. हाताशी काय होतं? प्लायवूड होतं, थोडं स्थानिक लाकूड होतं, बांधकामाची लोखंडी सळई होती, आणि युद्धातून उरलेलं सामान होतं.

डग्लस स्नेलिंग नावाचा एक माणूस सिडनीत होता. जन्म इंग्लंडचा, वाढला न्यूझीलंडमध्ये. त्याने १९४६ च्या सुमारास एक खुर्ची आखली. लाकडाची सडसडीत चौकट, आणि तिच्यावर आडव्या-उभ्या विणलेल्या कापडी पट्ट्या. पट्ट्या कुठल्या? पॅराशूटसाठी बनवलेल्या आणि युद्ध संपल्यामुळे पडून राहिलेल्या. स्प्रिंग नको, गादी नको, कापूस नको. पट्टीचा ताण हीच गादी.

माझ्यासमोर पहिल्या दोन रांगांत जी ज्येष्ठ मंडळी बसली आहेत, ती आता हसत आहेत. कारण त्यांना कळलं. ही तर नवार! नवारीच्या पलंगावर ज्याचं बालपण गेलं त्याला स्नेलिंगची खुर्ची समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात अंगाखालून वारा खेळतो, सैल पडली की सोडून पुन्हा ओढता येते, मळली की काढून धुता येते. सिडनीत ज्याला नव्या युगाची रचना म्हणून नावाजलं गेलं, ते तत्त्व आपल्या अंगणात रात्रीच्या रात्री माणसांना झोपवत होतं. याचा अर्थ ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ असा काढू नका. तो आपला आवडता रोग आहे. आपल्याकडे नवार होती, पण नवारीवरून कोणी खुर्ची केल्याचं मी ऐकलेलं नाही. पलंगाची खुर्ची व्हायला एका माणसाने बसणाऱ्याच्या पाठीचा कोन मोजावा लागतो, आणि मोजण्याचं श्रेय स्नेलिंगसारख्यांचं आहे.

दुसरी गोष्ट मेलबर्नची आहे आणि ती मला अधिक जवळची वाटते. १९४० च्या जुलैमध्ये इंग्लंडहून ‘ड्यूनेरा’ नावाची आगबोट निघाली. तिच्यात सुमारे अडीच हजार माणसं कोंबलेली होती. त्यांतले बहुतेक हिटलरच्या तडाख्यातून निसटून इंग्लंडला आलेले ज्यू निर्वासित. पण ते जर्मन बोलत होते, म्हणून इंग्रजांना ते शत्रू वाटले. उचलले आणि ऑस्ट्रेलियात छावणीत टाकले. वाटेत पहारेकऱ्यांनी त्यांचं सामान लुटलं, काही समुद्रात फेकलं. त्या बोटीवर फ्रेड लोवेन नावाचा एक तरुण होता. पुढे त्याची आणि अर्नेस्ट रोडेक या दुसऱ्या कैद्याची मैत्री जमली. सुटका झाल्यावर या दोघांनी १९४६ मध्ये मेलबर्नमध्ये छोटा धंदा काढला. आधी लाकडाच्या किरकोळ वस्तू, मग खुर्च्या. नाव ठेवलं ‘फ्लेर’, दोघांच्या आद्याक्षरांवरून. ज्यांचं घरदार गेलं, देश गेला, बॅगसुद्धा गेली, त्या माणसांनी एका परक्या देशाच्या दिवाणखान्यांना बसायला दिलं. पंधरा-वीस वर्षांत फ्लेरच्या खुर्च्या सामान्य ऑस्ट्रेलियन घरांत पोचल्या. हलकी चौकट, वर दोन सुट्या गाद्या, निमुळते पाय. पुढे लोवेनने ‘टेसा’ ही दुसरी कंपनी काढली. तिच्या खुर्च्यांना अजून मागणी आहे.

इंदापूर तालुक्यातल्या लोकांना घर सोडून जाणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. उजनीच्या पाण्याखाली तुमची गावं गेली. पळसदेवाचं देऊळ अजून उन्हाळ्यात पाण्याबाहेर डोकं काढतं. गाव उठलं तेव्हा माणसांनी दारं काढली, खांब काढले, तुळया काढल्या आणि नव्या गावठाणात नेल्या. जुन्या घराचं लाकूड पुन्हा वापरणं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागलं नाही.

तिसरा माणूस ग्रँट फेदरस्टन. १९२२ मध्ये जीलाँगला जन्मलेला. कुठल्या शाळेत रचनाशास्त्र शिकलेला नव्हता. त्याच्या डोक्यात एक हट्ट बसला होता की खुर्ची माणसाच्या अंगाच्या वळणाची हवी. पण प्लायवूड एका दिशेला वाकतं, एकदम दोन दिशांना वाकवायला गेलं की फाटतं. अमेरिकेत मोठ्या कारखान्यांकडे त्यासाठी दाबयंत्रं होती, याच्याकडे नव्हती. मग याने शिंपी चोळीला टक्स घालतो तसं केलं. सपाट प्लायवूड बेतलं, ठरावीक ठिकाणी काप दिले आणि ते काप जुळवून पाट्याला वळण आणलं. १९५१ ची त्याची ‘काँटूर’ खुर्ची, जिचा नंबर आर १६०, ती अशी झाली. दोन्ही बाजूंनी पंख असल्यासारखी पाठ, खाली चार बारीक पाय. आज ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही जाणकाराला ‘एकच खुर्ची सांगा’ म्हटलं तर तो बहुधा हीच सांगेल. १९६७ च्या माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात त्याने आणि त्याची पत्नी मेरी फेदरस्टन यांनी ऑस्ट्रेलियाच्या दालनासाठी बोलक्या खुर्च्या केल्या. टेकून बसलं की डोक्याजवळच्या ध्वनिक्षेपकातून आवाज सुरू! आपल्याकडे खुर्चीवर बसलेला माणूस बोलतो. तिकडे खुर्चीच बोलत होती.

आणखी नावं आहेत. रॉजर मॅकलेने १९४८ च्या सुमारास प्लायवूडचा एक पत्रा शंकूसारखा गुंडाळून खुर्ची केली. क्लेमंट मेडमोरने लोखंडी सळईवर दोरी गुंडाळून केली, आणि पुढे तो न्यूयॉर्कला जाऊन मोठा शिल्पकार झाला. पण नावांची जंत्री वाचायला मी आलेलो नाही.

दुसरा मुद्दा बसण्याचा. कोण बसतं, कसं बसतं आणि कोणासमोर बसतं?

आपण खुर्चीवाले लोक नव्हतो. याच बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाला कवी मोरोपंत होते. अठराव्या शतकातला नाईकांचा तो दरबार मनात आणा. बैठक, गादी, लोड, तक्के. भिंतीला टेकून मांडी घातलेले विद्वान. खुर्चीला तिथे जागा नव्हती आणि गरजही नव्हती. खुर्ची या तालुक्यांत आली ती सरकारी कामावर आली. १८८० च्या दशकात भाटघरच्या धरणाचं काम सुरू झालं, नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती, इंदापूर करत खाली आला. कालव्याबरोबर साहेब आला, साहेबासाठी बंगला आला, आणि बंगल्याच्या व्हरांड्यात लांब हातांची आरामखुर्ची आली. तुम्ही ती पाहिली असेल. सागवानी किंवा शिसवी, वेताने विणलेली, आणि हातांखालून आणखी एक फळी बाहेर फिरवली की पाय वर ठेवता येतात. घोड्यावरून उतरलेल्या साहेबाचे बूट ओढून काढायला ती सोयीची. गरम हवेचा विचार करून केलेली ती फार शहाणी खुर्ची आहे. वेतातून वारा जातो, पाठीला घाम धरत नाही, बैठक मागच्या बाजूला उतरती, त्यामुळे अंग आपोआप सैल होतं.

पण त्या खुर्चीत बसायचं कोणी? साहेबाने. नंतर मामलेदाराने. नंतर वाड्यातल्या कर्त्या पुरुषाने. समोर उभं राहायचं बाकीच्यांनी. आपल्या देशात बसण्याची जागा कधीच साधी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावं लागत असे आणि ते परतही आणावं लागत असे, कारण शाळेचा शिपाई त्याला हात लावणार नव्हता. हे ज्या मुलखात घडलं, तिथे खुर्चीवर बोलताना फक्त लाकडावर आणि पॉलिशवर बोलून चालत नाही. जातीचं तसंच बाईचं. मला सांगा, तुमच्यापैकी कितीजणांनी आजीला आरामखुर्चीत पाय पसरून वर्तमानपत्र वाचताना पाहिलं आहे? आजोबांना सगळ्यांनी पाहिलं असेल. आजी पाटावर, उंबऱ्यावर, नाहीतर झोपाळ्याच्या कडेला.

म्हणून मला पन्नास-साठच्या दशकांतल्या त्या हलक्या, बुटक्या खुर्च्यांचं महत्त्व वाटतं. त्या जोडीने विकल्या गेल्या, चारच्या संचाने विकल्या गेल्या. सगळ्या सारख्या उंचीच्या. एकीत बसलं की दुसरीतला माणूस डोळ्यांच्या रेषेत येतो. त्यांच्यात कर्त्याची खुर्ची वेगळी काढता येत नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची साधारण अठरा इंच उंच असते. या खुर्च्या पुढून पंधरा-सोळा इंच आणि मागे उतरत्या. असं बसल्यावर माणसाला हुकूम सोडता येत नाही, गप्पाच माराव्या लागतात. आपल्याकडेही त्याच काळात ‘सोफासेट’ आला आणि शहरगावातल्या मुली-सुना पाहुण्यांसमोर बसू लागल्या. कांदेपोह्याला का होईना, पण बसू लागल्या. मी याला क्रांती म्हणणार नाही. मात्र सामाजिक बदलाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एकदा सोफासेटकडेही बघावं.

आता आपल्या घरात या.

१९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला, शेती केली आणि त्याभोवती वसाहत वसली, ते वालचंदनगर. सोलापूरचा हा माणूस जहाजं, विमानं, मोटारी असल्या गोष्टी मनात आणायचा. पण त्याने वसवलेल्या नगरीत माणसांना राहायला घरंही लागणार होती. इंजिनिअर आले, केमिस्ट आले, हिशेबनीस आले, कोणी मद्रासकडचे, कोणी गुजरातचे. बंगले झाले, चाळी झाल्या, क्लब झाला. पुढे १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर अशी नावं धुराड्यांवर चढली. प्रत्येक कारखान्याला अतिथिगृह हवं होतं, संचालक मंडळाची खोली हवी होती, अधिकाऱ्यांचे बंगले हवे होते. या सगळ्यांना बसायला काय आणलं?

मुंबईहून आणलेलं पोलादी सामान होतं, हे खरं. गोदरेज कंपनी १९२३ पासून पोलादी कपाटं करत होती, आणि १९५१ मध्ये देशाच्या पहिल्या निवडणुकीसाठी विक्रोळीत मतपेट्या बनवल्या त्याही याच कंपनीने. पण पोलादी खुर्ची कचेरीत ठीक. बैठकीच्या खोलीला लाकूड लागतं. आणि लाकडाचं काम इथल्याच सुतारांनी केलं. कुणीतरी इंग्रजी मासिकातलं चित्र दाखवायचं, कुणी मुंबईला पाहिलेलं हातवारे करून सांगायचं, आणि सुतार ते आपल्या हाताने उतरवायचा. काल-परवापर्यंत नांगर, पाभर आणि गाडी करणारा बलुतेदार निमुळते पाय तासू लागला. चित्रातला परदेशी लाकडाचा पाय त्याने सागात आणला, फोमच्या जागी कापूस आणि काथ्या आला, कातड्याच्या जागी रेक्झीन आलं किंवा वेत आला. जुनी पानं चाळल्यासारखा मी या भागातल्या काही जुन्या बंगल्यांत, काही वाड्यांत हिंडलो आहे. एका अतिथिगृहाच्या मागच्या कोठीत मी जे पाहिलं त्याने माझे पाय थबकले. वेताच्या पाठीच्या, बुटक्या, हाताला किंचित बाक दिलेल्या खुर्च्या. एकावर एक रचलेल्या. वरच्या खुर्चीवर रंगाचे डबे. मी तिथल्या माणसाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "जुनं आहे साहेब, निकाली काढायचंय."

निकाली काढायचंय! हाच शब्द चंदीगडला वापरला गेला होता.

चंदीगडची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती आपल्याला डोळे उघडायला पुरेशी आहे. फाळणीत पंजाबची राजधानी लाहोर गेली. नवी राजधानी बांधायला वास्तुरचनाकार ल कोर्ब्युझिए आला, आणि त्याचा चुलतभाऊ पियेर जानेरे १९५१ पासून जवळजवळ चौदा वर्षं तिथे राहून काम करत होता. कचेऱ्या, कोर्ट, विद्यापीठ, वसतिगृहं यांसाठी हजारो खुर्च्या लागणार होत्या. जानेरे आणि त्याच्याबरोबरचे भारतीय वास्तुरचनाकार, त्यांत ऊर्मिला युली चौधरी हे नाव विसरू नका, यांनी साग आणि वेत यांतून स्वस्त, टिकाऊ, स्थानिक सुतारांना जमतील अशा खुर्च्या आखल्या. इंग्रजी ‘व्ही’ उलटा ठेवावा तसे पाय. काही दशकांनी त्या मोडक्या झाल्या, गच्चीवर गेल्या, आवारात पावसात पडल्या, आणि सरकारी लिलावात भंगाराच्या भावाने गेल्या. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी ढिगाने घेतल्या, दुरुस्त केल्या, आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांच्या किमती लाखांवर गेल्या. मग आपण जागे झालो. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला की हे वारसा फर्निचर विकू नका. घोडे गेल्यावर तबेल्याला कुलूप घालण्यात आपला हात कोण धरणार!

इथे एक शंका येईल. परदेशी माणसाने भाव दिला म्हणून ती खुर्ची चांगली ठरते का? मुळीच नाही. बाजारभावावर माझा विश्वास नाही. २०१५ मध्ये मार्क न्यूसन या ऑस्ट्रेलियन रचनाकाराची ‘लॉकहीड लाउंज’ नावाची ॲल्युमिनियमचे तुकडे रिबिटांनी जोडलेली एक आरामशय्या लंडनमध्ये चोवीस लाख पौंडांच्या वर गेली. ती ऐंशीच्या दशकातली आहे, मी बोलतो आहे त्या काळातली नव्हे. दिसायला ती विलक्षण आहे. पण दुपारी जेवून तिच्यावर आडवं व्हायला मला सांगितलं तर मी खाली सतरंजी टाकीन. वस्तू दुर्मीळ झाली की तिला भाव येतो. भाव आला की नकला येतात. नकला आल्या की मूळ वस्तू कशासाठी केली होती हेच लोक विसरतात. मेलबर्नच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने २०१४ मध्ये या शतकमध्यातल्या ऑस्ट्रेलियन फर्निचरचं मोठं प्रदर्शन भरवलं. चांगलंच झालं. पण चौथऱ्यावर ठेवलेल्या खुर्चीवर ‘कृपया बसू नये’ अशी पाटी येते, आणि बसू न देणारी खुर्ची ही माझ्या मते अर्धी खुर्ची आहे.

मग तिसरा आणि माझा खरा मुद्दा. सत्तर वर्षांनीही या खुर्च्या हव्याशा का वाटतात? त्यांचं वळण सुंदर आहे म्हणून, हे उत्तर पुरेसं नाही. सुंदर वळणाच्या पुष्कळ वस्तू पुष्कळ वेळा कचऱ्यात जातात. माझं उत्तर असं आहे: या खुर्च्या दुरुस्त होतात. आणि दुरुस्त होतात याचं कारण त्या काय आहेत हे लपवत नाहीत. चौकट दिसते. सांधा दिसतो. पट्टी कुठे अडकवली आहे ते दिसतं. गादी सुटी आहे, खोळ सुटी आहे. पट्टी सैल झाली, बदला. खोळ फाटली, शिवा. हात सुटला, सरस लावून शिकंज्यात धरा. गावातला कुठलाही बरा सुतार ती उलटी करून दोन मिनिटांत सांगतो की दुखणं कुठे आहे. आता आजच्या दुकानातला जाडजूड सोफा उलटा करून बघा. खाली काळं कापड स्टेपलरच्या पिनांनी ठोकलेलं. ते फाडलं की आत पेट्यांचं कच्चं लाकूड, भुश्याची फळी आणि फोम. तीन पावसाळ्यांत फळी फुगते, फोम बसतो. सुतार हात जोडतो. कंपनी म्हणते, नवा घ्या.

सागाचं तसं नाही. आपल्याच राज्यातला चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग एवढा नावाजलेला की अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून लाकूड गेलं. त्याच प्रतीचा साग तुमच्या माळ्यावर रद्दीच्या गठ्ठ्याखाली असू शकतो.

आणि माळ्यावरच्या खुर्चीचा विषय निघालाच आहे तर थोडं व्यवहाराचं बोलू. जुनी खुर्ची ओळखायची कशी? ती उलटी करा. स्क्रू बघा. एका सरळ चिरेचे स्क्रू असतील तर वस्तू बहुधा जुनी. फुलीचे असतील तर एकतर नवी, नाहीतर मध्ये कोणीतरी हात घातलेला. बैठकीच्या खालची बाजू बघा. तिथे रंध्याच्या, कानशीच्या खुणा दिसल्या तर ते हातकाम आहे. पॉलिश कसलं आहे हे कळायला दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा लावा. चपडीचं जुनं पॉलिश मऊ पडतं, बोळ्याला रंग येतो. नंतर मारलेलं व्हार्निश ढिम्म राहतं. वेत लोंबला असेल आणि तुटला नसेल तर तो कापून टाकू नका. खालच्या बाजूने गरम पाण्याचं फडकं फिरवा, ओला करा आणि सावकाश वाळू द्या; वेत सुकताना स्वतःच आवळतो. आणि हात जोडून सांगतो, पॉलिश पेपरने घासून नवी कोरी करू नका. हातांवरचा तो काळसर तुकतुकीतपणा दोन पिढ्यांच्या तळव्यांनी आणलेला असतो. तो कुठल्या दुकानात मिळत नाही. तेलपाणी, ऑइलपेंट तर लांबच ठेवा. मी शिसवी आरामखुर्चीला चॉकलेटी ऑइलपेंट मारलेला पाहिला आहे आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणखी एक अडचण आहे आणि ती खुर्चीपेक्षा मोठी आहे. फेदरस्टनचं नाव आहे, लोवेनचं नाव आहे, स्नेलिंगचं नाव आहे. त्यांच्या खुर्च्यांच्या पोटाला चिठ्ठी चिकटवलेली असते, कंपनीचा शिक्का असतो. चंदीगडच्या खुर्च्यांवर निदान खात्याचे नंबर रंगवलेले आहेत, त्यावरून त्या कुठल्या कचेरीतल्या हे कळतं. आपल्या खुर्च्यांवर काय आहे? काही नाही. ज्या सुतारांनी माळेगावच्या, भवानीनगरच्या, वालचंदनगरच्या परिसरात साठ-सत्तर वर्षांपूर्वी हे काम केलं, त्यांची नावं कुठल्या वहीत आहेत? पगारपत्रकात असतील, खतावणीत ‘सुतारकाम’ या एका शब्दात असतील. त्यांतले बहुतेक आता नाहीत. त्यांची मुलं आज सत्तरीची आहेत, प्लायवूड आणि सनमायकाची कामं करून थकली आहेत. वडिलांनी कुठल्या बंगल्यात काय केलं हे त्यांना अजून सांगता येतं. दहा वर्षांनी सांगणारं कोणी नसेल.

म्हणून, श्रोतेहो, माझी मागणी तीन ठिकाणी आहे. साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना, पाटबंधारे खात्याला आणि जुन्या शाळा-महाविद्यालयांना विनंती, की निकाली काढण्याच्या यादीवर सही करण्याआधी त्या खुर्च्यांचे फोटो काढा, मोजमाप घ्या, आणि प्रत्येक नमुन्याची निदान एक खुर्ची ठेवा. बसायला ठेवा, काचेत नको. इथल्या महाविद्यालयांतल्या तरुण मुला-मुलींना विनंती, की एखाद्या उन्हाळी सुट्टीत वही घेऊन सुतार आळ्यांमधून हिंडा आणि म्हाताऱ्या सुतारांची नावं, त्यांची हत्यारं, त्यांनी केलेल्या वस्तू लिहून काढा. आणि घरोघरच्या मंडळींना एवढंच, की या दिवाळीत साफसफाई करताना भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी माळ्यावरची खुर्ची खाली घ्या, उलटी करून बघा, आणि ती कोणी केली हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा. उत्तर मिळालं तर ते खुर्चीच्या खाली पेन्सिलीने लिहून ठेवा.